वरणाचं पाणी आणि हजार दिवस

आज आपल्या जळगाव-धुळ्याच्या घराघरातली गोष्ट. उष्टावण थाटात होतं, पण नंतर बाळाला काय? वरणाचं पाणी! मलाही आईने तेच पाजलं. इवलंसं पोट पाण्यानेच भरतं, उंची खुंटते.

2005 मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. पुढे जोर दिला गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर: जन्मताच चीक, सहा महिने फक्त आईचं दूध, मग घट्ट वरण-भात, वर तेल-तूप.

राज्यात पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं 2005-06 मध्ये 46 टक्के होती. 2015-16 मध्ये 34. आणि 2019-21 मध्ये? 35! आकडा अडकलाय.

आईला दोष देणं सोपं आहे. ती दिवसभर कापूस वेचत असताना बाळाला दुपारी कोण भरवतं, ते आधी विचारूया.