परक्या विद्यार्थ्यांचे शहर : बोलोन्या आणि परदेशी सत्राचा इतिहास

युरोपातील एखाद्या शहरात विद्यापीठाचे एक सत्र काढायचे, तेथील परीक्षा द्यायच्या आणि मिळवलेले श्रेयांक मायदेशी परतून मूळ पदवीत जमा करायचे, ही पद्धत आजच्या स्वरूपात जेमतेम चार दशकांची आहे. परंतु परक्या शहरात विद्यार्थ्याला संरक्षण कोणाचे आणि तेथे केलेल्या अभ्यासाला मान्यता कोणाची, हे तिच्या मुळाशी असलेले दोन प्रश्न फार जुने असून, उत्तर इटलीतील बोलोन्या या शहरात ते बाराव्या शतकातच ऐरणीवर आले होते.

बोलोन्या विद्यापीठाचे स्थापनावर्ष १०८८ मानले जाते. हे वर्ष एकोणिसाव्या शतकात, आठव्या शताब्दीचा सोहळा ठरवताना, कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निश्चित केले. प्रत्यक्षात ही संस्था कोणा एका दिवशी स्थापन झालेली नाही. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या कायदेसंहितेवर इर्नेरियस आणि त्याच्या शिष्यांनी येथे व्याख्याने दिली, ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचे मोठे संकलन सिद्ध केले, आणि या दोन्ही कायद्यांचे जाणकार राजदरबारांना व धर्मपीठांना हवे असल्याने आल्प्स पर्वत ओलांडून विद्यार्थी येऊ लागले. त्यांपैकी अनेक जण प्रौढ होते, काही तर चर्चमध्ये पदावर होते. तरीही बोलोन्यात पाऊल ठेवताच ते कायद्याच्या दृष्टीने निराधार होत असत. मध्ययुगीन इटालियन नगरांत नागरी हक्क फक्त तेथील नागरिकांना होते, आणि एखाद्या परक्याने कर्ज बुडवले तर त्याच्या कोणत्याही देशबांधवाला पकडून ती रक्कम वसूल करण्याची रूढी होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने काढलेली आणि ११५८ मध्ये रोंकाल्याच्या सभेत जाहीर केलेली ‘हाबिता’ ही सनद नेमक्या याच अन्यायावर बोट ठेवते : विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांना तिने अभय दिले, दुसऱ्याच्या कर्जासाठी त्यांना धरण्यास मनाई केली, आणि त्यांच्यावरील खटला त्यांच्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे चालावा अशी तरतूद केली.

सम्राट मात्र दूर होता आणि घरमालक शेजारी. म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतःचे संघ बांधले. एका प्रदेशातून आलेल्यांच्या गटाला ‘नात्सिओ’ म्हणत. असे गट मिळून कायद्याच्या विद्यार्थ्यांचे दोन मोठे संघ झाले, एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा आणि दुसरा पलीकडच्यांचा, आणि अशा संघालाच लॅटिनमध्ये ‘उनिवेर्सितास’ म्हणत असल्याने विद्यापीठ या संस्थेला युरोपभर तेच नाव पडले. या संघांत बोलोन्याच्या नागरिकांना पूर्ण सभासदत्व नव्हते, कारण त्यांना शहराचे संरक्षण मुळातच होते. संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांमधूनच निवडलेला असे. प्राध्यापकांना त्याच्या आज्ञापालनाची शपथ घ्यावी लागे, आणि व्याख्यान उशिरा सुरू केले किंवा परवानगीवाचून टाळले तर दंड भरावा लागे. घरभाड्याचे दर नागरिक व विद्यार्थी यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवायचे, आणि ते न पाळणाऱ्या मालकाच्या घरावर संघाने बहिष्कार घालायचा, हा या व्यवस्थेचा सर्वांत व्यवहारी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक भाग होता. शहराने १२८८ मध्ये नव्या घरांना रस्त्याकडेच्या आच्छादित पडव्या, म्हणजे पोर्तिको, सक्तीच्या केल्या. वाढत्या वस्तीला वरच्या मजल्यावर जागा मिळवून देणाऱ्या या पडव्यांमागे विद्यार्थ्यांच्या गर्दीचाही वाटा होता.

संघाचे अंतिम अस्त्र होते स्थलांतर. इमारती भाड्याच्या आणि ग्रंथ हाताने वाहून नेण्याजोगे असल्यामुळे अवघे विद्यापीठ उठून दुसऱ्या गावी जाऊ शके : १२२२ मध्ये असाच एक गट पादुआला गेला आणि तेथील विद्यापीठ उभे राहिले, तर १३२१ मध्ये एका विद्यार्थ्याला देहदंड दिल्याच्या निषेधार्थ अनेकांनी सिएना गाठले. दुर्बलांच्या एकजुटीने बलाढ्य नगरसत्तेला वाटाघाटीस बसवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

मान्यतेच्या प्रश्नाचे उत्तर त्या काळी आजच्यापेक्षा सोपे होते. अध्यापनाची भाषा सर्वत्र लॅटिन आणि पाठ्यग्रंथ बहुतांशी समान असल्याने एका गावी शिकून दुसऱ्या गावी पदवी घेणे रूढ होते, आणि तेथे तिचा खर्च कमी असेल तर शहाणपणाचेही. पोलंडहून आलेल्या कोपर्निकसने बोलोन्यात जर्मन नात्सिओच्या नोंदवहीत नाव घातले, दोमेनिको मारिया नोव्हारा या ज्योतिर्विदाच्या सहवासात ९ मार्च १४९७ रोजी चंद्राआड गेलेल्या रोहिणी ताऱ्याचे निरीक्षण केले, आणि चर्चच्या कायद्यातील पदवी मात्र १५०३ मध्ये फेरारात घेतली. रॉटरडॅमच्या इरॅस्मसनेही १५०६ मध्ये तुरिनला धर्मशास्त्राची पदवी मिळवून मगच बोलोन्यात मुक्काम केला. अर्थात ही मोकळीक पुरुषांपुरती आणि बहुतेक करून घरच्या पैशावर किंवा चर्चच्या उत्पन्नावर जगणाऱ्यांपुरती होती, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे योग्य नाही. कार्डिनल आल्बोर्नोसने १३६४ च्या मृत्युपत्राने स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी स्थापन केलेले आणि आजही चालू असलेले वसतिगृह ही त्या काळातील थोड्या दिलाशांपैकी एक गोष्ट होय.

सोळाव्या शतकातील धर्मभेदाने ही वाट अरुंद केली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५९ मध्ये कास्तिलच्या प्रजेला परदेशी शिकण्यास बंदी केली आणि बोलोन्यातील हेच स्पॅनिश वसतिगृह, रोम, नेपल्स व कोइंब्रा एवढेच अपवाद ठेवले. पोपने १५६४ मध्ये पदवी घेणाऱ्यांना कॅथलिक श्रद्धेची शपथ बंधनकारक केली. पुढे राष्ट्रराज्यांनी आपापले अभ्यासक्रम आणि परीक्षा आखल्या, आणि एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशात निरुपयोगी ठरू लागला. सोफिया कोरादी या इटालियन विदुषीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिळवलेली पदवी १९५८ मध्ये रोममध्ये ग्राह्य धरली गेली नाही. त्या अपमानातून तिने दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्याचा १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ या युरोपीय विद्यार्थी-विनिमय योजनेत मोठा वाटा आहे. पहिल्या वर्षी ११ देशांचे ३,२४४ विद्यार्थी गेले. जाण्यापूर्वीच दोन्ही विद्यापीठांनी विषयांचा करार करायचा, वर्षाच्या अभ्यासाला ६० आणि सत्राला ३० श्रेयांक धरायचे, आणि विद्यार्थ्याला अनुदान द्यायचे, या तरतुदींनी परदेशी सत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. उच्चशिक्षणाची चौकट सुसंगत करण्याच्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी १९ जून १९९९ रोजी सह्या केल्या, त्याही बोलोन्यातच.

मान्यतेचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला असला, तरी निवाऱ्याचा सुटलेला नाही. आर्किजिन्नाझियो या १५६३ च्या विद्यापीठ-इमारतीच्या भिंतींवर हजारो जुन्या विद्यार्थ्यांची कुलचिन्हे आहेत, आणि त्याच शहरात आज एका सत्रासाठी आलेला विद्यार्थी श्रेयांकांची हमी खिशात असूनही परवडणाऱ्या खोलीसाठी वणवण करतो. ठरलेले भाडे न पाळणाऱ्या घरावर त्याच्या वतीने बहिष्कार घालणारा संघ मात्र आता नाही.