बांध कोणाचा, पाणी कोणाचं?

भूगोलाच्या पुस्तकात 'जमिनीची धूप' हा धडा असतोच. धूप थांबवण्याचे उपायही त्यात क्रमाने दिलेले असतात : बांधबंदिस्ती, समतल चर, वृक्षलागवड, पायऱ्यापायऱ्यांची शेती. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण हे उपाय कोणी, कधी, कुठे करून पाहिले, त्यातले कोणते टिकले आणि कोणते पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेले, हे त्यात नसतं. महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात या कामाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो पाहताना एक गोष्ट आम्हाला पुन्हापुन्हा जाणवली. बांध फुटतो तेव्हा दोष दरवेळी मातीकामात नसतो.

आधी थोडं गणित

इतिहासात शिरण्यापूर्वी वर्गात फळ्यावर मांडता येईल असा एक हिशोब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी पडतं. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस होतो असं धरू. म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. गावाचं शिवार १,००० हेक्टरचं असेल तर ५०० कोटी लिटर पाणी दरवर्षी आकाशातून येतं.

आता त्या गावात २,००० माणसं आहेत आणि प्रत्येकाला घरगुती वापरासाठी रोज ५५ लिटर पाणी लागतं असं समजा. वर्षाची गरज होते सुमारे ४ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! मग मार्च-एप्रिलमध्ये टँकर का येतो? मुलांना हा प्रश्न विचारला की ती आधी चमकतात आणि मग उत्तरं शोधू लागतात. पाणी वाहून गेलं, उन्हाने उडून गेलं, पिकांनी वापरलं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणतं पाणी किती आणि कोणाच्या वाट्याला गेलं, हा पुढचा प्रश्न. आपला इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

फुल्यांची सूचना

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसं आणि जनावरं मोठ्या संख्येने मेली. त्यानंतर काही वर्षांतच, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचं आणि पिळवणुकीचं विवेचन त्यात आहे, हे आपल्याला माहीत असतं. त्यात मृद्संधारणाचा एक नेमका विचारही आहे, तो मात्र सहसा सांगितला जात नाही.

फुल्यांचं निरीक्षण असं होतं की डोंगरउतारावरचा पालापाचोळा आणि कुजलेला कस पावसाबरोबर वाहून ओढ्यानाल्यांत जातो आणि वाया जातो. म्हणून सरकारने लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, आणि ते अशा बेताने घालावेत की पावसाचं पाणी आधी शेतांतून मुरेल आणि मगच नदीनाल्यांना मिळेल. आज ज्याला आपण पाणलोट क्षेत्र विकास म्हणतो त्याचं मूळ तत्त्व हेच आहे. पाणी जिथे पडतं तिथेच त्याला अडवावं, ते नदीत पोचण्याची वाट पाहू नये.

या सूचनेमागचं विज्ञान सोपं आहे. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटतो आणि मातीचे कण सुटे करतो. उतारावरून वाहणारं पाणी ते उचलून नेतं. उताराची लांबी वाढली की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की माती नेण्याची ताकद त्याहून झपाट्याने वाढते. म्हणजे उपाय एकच : लांब उताराचे लहान लहान तुकडे करायचे. ताल, बांध, चर ही सगळी त्याचीच रूपं.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी साठतं ते त्याच्या झिजलेल्या थरांत, भेगांत आणि मुरमात. ही साठवण मर्यादित असते. त्यामुळे पाणी हळूहळू मुरू देणं इथे विशेष महत्त्वाचं ठरतं.

शास्त्रीय बांध आणि शेतकऱ्याचं फावडं

सरकारी पातळीवर अभ्यासाला सुरुवात व्हायला पुढची चाळीस वर्षं गेली. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि १९३३ पासून सोलापूरला स्वतंत्र केंद्रात ते वाढलं. किती पाऊस पडला, त्यातला किती वाहून गेला आणि त्याबरोबर किती माती गेली, याची मोजमापं इथे झाली. या कामातले एक प्रमुख संशोधक एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. या कायद्याखाली पुढच्या काही दशकांत लाखो एकरांवर समतल बांध घातले गेले. समतल बांध म्हणजे सारख्या उंचीवरचे बिंदू जोडणाऱ्या रेषेवर घातलेला मातीचा बांध. पाणी त्याच्यामागे अडतं, पसरतं आणि मुरतं.

शास्त्र म्हणून हे बरोबर होतं. पण समतल रेषा सातबारा पाहून चालत नाही. ती एका वावराच्या मधून शिरते आणि शेजारच्याच्या कोपऱ्यातून बाहेर पडते. त्यामुळे शेताचे वेडेवाकडे तुकडे पडले, औत फिरवताना अडचण होऊ लागली. वरच्याचं पाणी खालच्याच्या बांधावर साचलं की भांडण ठरलेलं. शिवाय खोल काळ्या जमिनीत वेगळाच त्रास होता. ही माती पाणी सावकाश मुरू देते, त्यामुळे बांधामागे पाणी तुंबून जमीन चिबडते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याच भेगांतून बांध फुटतो. अशा जमिनीत जादा पाणी हळूहळू बाहेर काढून देणारे ढाळीचे बांध आणि दगडी सांडवे लागतात, हे पुढे मान्य झालं. समतल बांध कमी पावसाच्या प्रदेशातल्या हलक्या आणि मध्यम जमिनींत चांगले चालतात.

अनेक शेतकऱ्यांनी हे बांध स्वतःच्या हाताने मोडले. ते अडाणी म्हणून असं झालं, असं सांगण्याची पद्धत होती. पण हेच शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर ताली घालत आले होते, ओघळीत दगड रचून गाळाची नवी जमीन तयार करत आले होते. त्यांना बांध नको नव्हता. त्यांना न विचारता आखलेला बांध नको होता, आणि त्याच्या खर्चाची वसुलीही पुन्हा त्यांच्याकडूनच होत होती.

१९७२ : खडी फोडणारे हात

१९७२ चा दुष्काळ घरातल्या मोठ्यांच्या तोंडून मुलांनी ऐकलेला असतो. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. सुरुवातीला खडी फोडणं आणि रस्ते हीच कामं पुष्कळ होती. एवढे हात राबत आहेत तर त्यातून पुढचा दुष्काळ सौम्य करणारं काही का उभं राहू नये, हा प्रश्न तेव्हा जोराने पुढे आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही कामं तिच्यातून मोठ्या प्रमाणावर झाली.

विद्यार्थीही याच काळात या कामाकडे वळले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने १९७३ च्या शिबिरांसाठी 'यूथ अगेन्स्ट फॅमिन' म्हणजे 'दुष्काळाविरुद्ध युवक' हा विषय घेतला. महाविद्यालयातली मुलं टिकाव-फावडं घेऊन गावांत गेली. दहा दिवसांच्या शिबिरात किती घनमीटर माती निघाली हा हिशोब आम्हाला तितकासा मोलाचा वाटत नाही. दुष्काळ म्हणजे केवळ पावसाचा रुसवा नव्हे हे त्यांतल्या काहींच्या ध्यानात आलं, ही त्या शिबिरांची खरी कमाई.

अडवलेलं पाणी वाटायचं कसं?

पाणी अडवलं, मुरवलं, विहिरीला पाणी आलं. ते कोणाचं? ज्याची विहीर त्याचं, असं उत्तर आपोआप दिलं जातं. पण पाणी मुरलं ते वरच्या माळावर, जिथे भूमिहीनाने चर खणले आणि मेंढपाळाने चराई बंद ठेवली. फायदा मात्र पायथ्याशी विहीर असलेल्याला. इथे १९७० नंतर काही गावांनी जी उत्तरं शोधली ती जगाने दखल घ्यावी अशी आहेत.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेऊन काम सुरू केलं. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम सोपे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही.

ऊस का नाही? पुन्हा फळ्याकडे जाऊ. उसाला वर्षभरात साधारण दीड ते अडीच मीटर उंचीचं पाणी लागतं. दोन मीटर धरलं तर हेक्टरी २ कोटी लिटर होतात. म्हणजे आपल्या २,००० वस्तीच्या गावाला वर्षभर पुरणारं पाणी दोन हेक्टर ऊस पिऊन टाकतो. मुलांना हा आकडा स्वतः काढू द्यावा, त्यावर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात आणखी एक प्रयोग झाला. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार गावी परतले होते. 'मुक्ती संघर्ष' चळवळीत ते आणि शेतकरी एकत्र आले. येरळा नदी का आटली याचा अभ्यास त्यांनी लोकविज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने केला. नदीपात्रातला वाळूचा थर पाणी धरून ठेवतो. ती वाळू ठेकेदार बेसुमार उपसून शहरांत विकत होते. लोकांनी हा उपसा रोखला, मर्यादित वाळू विकून पैसा उभा केला, के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांचा सल्ला घेतला आणि बलवडी-तांदुळवाडीजवळ श्रमदानाची जोड देऊन धरण बांधलं. पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा हक्क मानला. धरणाला नाव दिलं बळीराजाचं, ज्याला फुल्यांनी शेतकऱ्यांच्या न्यायी राज्याचं प्रतीक मानलं होतं. शंभर वर्षांनंतर ती सूचना अशी लोकांच्याच हातून पुरी झाली.

नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची नावं सर्वांना ठाऊक आहेत. हिवरे बाजारची हिरवाई पाहायला लोक जातात. पण त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पावसाच्या नोंदी पाहून त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची हे ठरवलं, ते अधिक पाहण्यासारखं आहे. पाणी अडवणं हे अर्धं काम. ते मोजून वापरणं हे उरलेलं अर्धं.

हे अर्धं राहून गेलं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. कामं वेगाने झाली. पण अनेक ठिकाणी माथ्यावरचे चर मागे पडले आणि यंत्राने नाले खोल-रुंद करण्यावरच भर राहिला. २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी म्हटलं की सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत हा क्रम सोडला की माती पुन्हा नाल्यात येते. आणि उपशावर बंधन नसेल तर मुरलेलं पाणी दोन हंगामांत संपतं.

शाळेला काय करता येईल?

हे काम करायला मोठी साधनं लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन सारख्या मोजपट्ट्यांना बांधली की माळावर समपातळीची रेषा आखता येते. आठवीची मुलं ती तासाभरात शिकतात. चुन्याने आखलेली रेषा माळावर कशी वळणं घेत जाते ते पाहिलं, की नकाशातल्या समोच्च रेषा त्यांना पुन्हा समजावून सांगाव्या लागत नाहीत. शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवता येईल. दर पंधरवड्याला चार-पाच विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजता येईल. तीन वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे गावाची मोठी ठेव होते.

याच्या जोडीला आणखी एक काम सुचवावंसं वाटतं. शिवारातल्या जुन्या बांधांची, तालींची, पाझर तलावांची यादी मुलांकडून करून घ्यावी. प्रत्येकापाशी उभं राहून जुन्या माणसांना चार प्रश्न विचारावेत. हे कोणी बांधलं? कोणत्या दुष्काळात? याची डागडुजी कोण करतं? आणि याचं पाणी कोणाला मिळतं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुधा चटकन मिळतील. चौथ्याला लोक थोडा वेळ थांबतील, एकमेकांकडे पाहतील. मुलांनी घाई न करता ते उत्तर नीट लिहून घ्यावं. गावच्या पाण्याचा पुढचा इतिहास त्यावरच ठरणार आहे.