मिठागरे, कायदा आणि बंदूक : शिरोड्याच्या बाजूने वेस्टर्न चित्रपट

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यानंतरच्या सुमारे पंचवीस-तीस वर्षांत, त्या देशाच्या पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या मुलखात घडणाऱ्या कथांवर आधारलेल्या चित्रपटांना ‘वेस्टर्न’ म्हणतात. एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा १९०३ सालचा मूकपट या प्रकाराच्या आरंभाशी मानला जातो. म्हणजे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला, त्याच्या दहा वर्षे आधीच हॉलिवूडच्या या सर्वांत टिकाऊ प्रकाराची बीजे पडली होती. मराठी प्रेक्षकाने वेस्टर्नकडे दीर्घकाळ मारधाडीची करमणूक म्हणून पाहिले. घोडे, पिस्तुले, धुळीचे लोट आणि शेवटी भर रस्त्यात समोरासमोर होणारी गोळीबाराची लढत एवढाच त्याचा ऐवज आहे, असे मानून अनेक अभ्यासू रसिकांनीही तो बाजूला ठेवला. या दृष्टीने त्यातील मूळ विषय निसटतो. कायदा अद्याप पुरता पोहोचलेला नाही अशा भूमीत जमीन, पाणी, कुरण आणि खनिज यांवर हक्क कोणाचा, आणि तो हक्क ठरवण्यासाठी वापरलेले बळ न्याय्य केव्हा ठरते, हा प्रश्न चांगल्या वेस्टर्नच्या गाभ्याशी असतो. हाच प्रश्न विसाव्या शतकात ज्या मराठी गावाने स्वतःच्या भूमीवर प्रत्यक्ष अनुभवला, त्या शिरोड्याच्या इतिहासाच्या बाजूने हे चित्रपट पाहिले तर त्यांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

शिरोडा हे वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाकडील किनाऱ्यावरचे गाव आहे. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु हा जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण होईपर्यंत तो सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात १८१२ साली गेले, लगतचा बराच मुलूख सावंतवाडी संस्थानाचा राहिला, आणि दक्षिणेस तेरेखोल नदीपलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. त्या राज्याचा तेरेखोल किल्ला तर नदीच्या अलीकडच्या, उत्तर तीरावरच उभा आहे. थोड्याच कोसांच्या अंतरात तीन सत्तांचे अंमल, तीन प्रकारचे कर आणि तीन प्रकारचे कायदे नांदत असल्यामुळे माल, माणसे आणि फरारी यांची ये-जा हा इथल्या जीवनाचा नित्याचा भाग होता. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागो येथे मांडलेल्या निबंधात अमेरिकी लोकशाहीचा स्वभाव सरहद्दीवर घडला, असा सिद्धान्त सांगितला. त्याच्या मते सरहद्द म्हणजे वसाहत आणि मोकळी भूमी यांच्यामधली सतत पुढे सरकणारी पट्टी. शिरोडा परिसराची सरहद्द सरकणारी नव्हती आणि तिच्या दोन्ही बाजूंना शतकानुशतकांची वस्ती होती. हा भेद मोठा आहे, आणि पुढच्या विवेचनात तो विसरून चालणार नाही.

दोन्ही सरहद्दींना जोडणारा पदार्थ मीठ हा आहे. टेक्सासच्या पश्चिम टोकाला, ग्वाडालूप डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या खाऱ्या तळ्यांतून सॅन एलिझारियो व आसपासच्या गावांतील मेक्सिकन वंशाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून मीठ नेत असत, कारण स्पॅनिश आणि मेक्सिकन परंपरेत ती तळी सर्वांच्या सामाईक मालकीची मानली जात होती. चार्ल्स हॉवर्ड या वकिलाने अमेरिकी कायद्याच्या आधारे त्या तळ्यांवर खासगी हक्क सांगितला आणि मीठ नेणाऱ्यांकडून पैसे मागितले. त्यातून १८७७ साली दंगल पेटली, गावकऱ्यांनी हॉवर्डला ठार केले, टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाची एक तुकडी त्यांना शरण गेली, आणि पुढे सूड म्हणून झालेल्या हिंसाचारात असंख्य कुटुंबे सरहद्दीवरची नदी ओलांडून मेक्सिकोत पळाली. शेवटी मीठ विकतच घ्यावे लागले. या घटनेनंतर जेमतेम वर्षभराने, २६ डिसेंबर १८७८ रोजी, इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या कराराने गोव्यातील मिठाचे उत्पादन आणि व्यापार इंग्रजांच्या नियंत्रणाखाली आला. त्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले आणि गोव्याच्या मिठागरांना उतरती कळा लागली. हा करार १८९२ साली संपला, पण ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ च्या मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ करणे हा गुन्हा ठरवलेलाच होता.

मिठागरातील काम कष्टाचे असले तरी त्याची रीत साधी असते. खाडीचे भरतीचे पाणी बांध घालून आत घ्यायचे, उथळ वाफ्यांत खेळवायचे, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच्या उन्हात आटवायचे आणि तळाशी धरलेले मीठ ओढून त्याच्या राशी करायच्या. समुद्र, ऊन आणि माणसाचे श्रम यांतून सिद्ध होणाऱ्या वस्तूवर दूरच्या सत्तेने मालकी सांगावी, हीच गोष्ट सॅन एलिझारियोच्या गावकऱ्यांना अन्यायाची वाटली आणि शिरोड्यालाही वाटली. मात्र दोन्ही ठिकाणचे उत्तर भिन्न होते. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडी येथे मीठ उचलल्यानंतर मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेले स्वयंसेवक निःशस्त्र होऊन पोलिसांच्या कड्याला सामोरे गेले, कायदा उघडपणे मोडला आणि त्याची शिक्षाही पत्करली. सपाट, निवाऱ्यावाचूनच्या, उन्हाने तळपणाऱ्या मैदानात दोन पक्ष एकमेकांसमोर उभे आहेत, हे दृश्य वेस्टर्नच्या कोणत्याही दिग्दर्शकाला ओळखीचे वाटले असते. त्यांतल्या एका पक्षाकडे शस्त्र नाही आणि तरी तो हटत नाही, हे मात्र त्या चित्रप्रकाराच्या चौकटीत मावत नाही.

या संदर्भात फ्रेड झिनमन यांचा १९५२ सालचा ‘हाय नून’ बारकाईने पाहण्याजोगा आहे. विल केन हा छोट्या गावाचा मार्शल, म्हणजे शांतता राखणारा अंमलदार, विवाहाच्या दिवशीच पद सोडून निघालेला असतो. तेवढ्यात त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर दुपारच्या गाडीने सूड घ्यायला येत असल्याचे कळते. केन दारूच्या गुत्त्यात जातो, चर्चमध्ये जातो, मित्रांची दारे ठोठावतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला सभ्य शब्दांत नकार मिळतो. चित्रपटातला काळ आणि प्रेक्षकाचा काळ जवळजवळ बरोबरीने चालतात, भिंतीवरची घड्याळे पुनःपुन्हा दिसतात, आणि छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आकाश सुंदर न करता पांढुरके, कोरडे ठेवले आहे, त्यामुळे गावाचे एकटेपण डोळ्यांना बोचते. पटकथाकार कार्ल फोरमन यांना याच काळात कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे जावे लागले आणि नंतर देश सोडावा लागला. शेजाऱ्यांच्या भीतीचे जे चित्रण चित्रपटात आहे, त्यामागे हा अनुभव आहे. तरीही चित्रपटाचा सर्वांत अवघड क्षण केनचा नसून त्याच्या पत्नीचा आहे. एमी ही क्वेकर आहे; क्वेकर हा शस्त्र आणि युद्ध धर्मतःच वर्ज्य मानणारा ख्रिस्ती पंथ. आपल्या घरातील माणसे गोळीबारात मेलेली पाहून तिने हे व्रत घेतलेले असते, आणि अखेरीस पतीला वाचवण्यासाठी तीच खिडकीतून एका माणसाला पाठीत गोळी घालते. चित्रपट तिच्या या कृतीला प्रेमाचा विजय मानतो आणि तिचे व्रत मोडल्याचे दुःख करण्यासाठी क्षणभरही थांबत नाही. शिरोड्याचा सत्याग्रह ज्याला ठाऊक आहे, त्या प्रेक्षकाला ही उणीव तीव्रतेने जाणवते, कारण अहिंसेचे व्रत ही दुबळ्याची सोय नसून संघटित कृतीची रीत असू शकते, ही शक्यता चित्रपटाने तपासलेलीच नाही. असे असले तरी ‘हाय नून’ हा थोर चित्रपट आहे. विजयानंतर केन बिल्ला धुळीत टाकतो आणि निघून जातो, या शेवटात समाजाच्या भ्याडपणावर ठेवलेला ठपका आजही तितकाच खरा आहे.

सत्याग्रहाच्या वेळी शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये कादंबरीकार वि. स. खांडेकर शिकवत होते. १९२० साली ते या गावात आले आणि १९३८ साली कोल्हापूरला गेले. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या याच काळातल्या आहेत. चित्रपटाच्या इतिहासातही शिरोड्याचे स्थान आहे, कारण मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली हंस पिक्चर्सने काढलेल्या ‘छाया’ (१९३६) या बोलपटाचे लेखन खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत शिक्षक असतानाच केले. दारिद्र्यातून घडलेला गुन्हा आणि त्याचा कुटुंबावर बसलेला कलंक हा त्या चित्रपटाचा विषय होता. म्हणजे कायद्याने दोषी ठरलेला माणूस नीतीनेही दोषी असतो का, हा प्रश्न या गावातील शिक्षकाने पडद्यासाठी लिहिला होता.

शिक्षक आणि कायदा यांचे हे नाते जॉन फोर्ड यांच्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) मध्ये केंद्रस्थानी आहे. रॅन्सम स्टॉडर्ड हा तरुण वकील कायद्याची पुस्तके घेऊन पश्चिमेकडे येतो, लिबर्टी व्हॅलन्स या दरोडेखोराचा मार खातो, खाणावळीत भांडी घासतो आणि वृत्तपत्राच्या कचेरीत शाळा उघडतो. तिथे खाणावळीतली हॅली अक्षरे गिरवते, परदेशातून आलेली वयस्क माणसे लोकशाहीचा धडा घेतात, आणि पॉम्पी हा काळा शेतमजूर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेचे वाक्य म्हणता म्हणता अडखळतो. फोर्ड यांनी हा क्षण एका वाक्यात आटोपला आहे, पण अमेरिकेच्या साऱ्या इतिहासावरचे भाष्य त्यात आहे. पुढे दरोडेखोर मरतो आणि स्टॉडर्ड लोकनायक बनून सेनेटर होतो, परंतु खरी गोळी अंधारातून टॉम डॉनिफन या कुरणमालकाने झाडलेली असते. शाळेने आणलेल्या कायद्याचा पाया एका लपवलेल्या हत्येवर आहे, हे कडू सत्य सांगण्याचे धाडस या चित्रपटात आहे, आणि म्हणून वेस्टर्नची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी रसिकाने ‘हाय नून’च्या पाठोपाठ हाच चित्रपट पाहावा.

ठरीव साच्यामुळे वेस्टर्न कंटाळवाणा होतो, असा आक्षेप घेतला जातो. दक्षिण कोकणातील प्रेक्षकाला हा आक्षेप मान्य होण्याचे कारण नाही, कारण गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतार या लोकनाट्याने त्याची रुची वेगळ्या रीतीने घडवली आहे. दशावतारी खेळात आधी ‘आडदशावतार’ हा गणपती, सरस्वती, संकासुर यांच्या प्रवेशांचा ठरलेला पूर्वरंग होतो आणि मग पुराणातील एखादे आख्यान उभे राहते. लिखित संहिता नसते, एका बाकड्याचे सिंहासन होते, आणि पखवाज-झांजेच्या तालावर तलवारीची लढाई रंगते. कथा सर्वांना ठाऊक असते. राजा प्रवेश कसा घेतो, संवाद जागच्या जागी कसा फुलवतो, जुन्या प्रसंगात नवे काय आणतो, हे पाहण्यासाठी माणसे पहाटेपर्यंत बसतात. फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) कडे याच नजरेने पाहावे. टप्प्याटप्प्याला घोडे बदलत जाणाऱ्या उतारूंच्या बग्गीत एक बहिष्कृत स्त्री, एक दारुडा डॉक्टर, एक लबाड सावकार आणि एक फरारी तरुण एकत्र येतात. पात्रे साच्यातली आहेत, पण जेवणाच्या मेजावर कोण कोणाशेजारी बसते आणि कोण उठून जाते, एवढ्यातून फोर्ड प्रतिष्ठितांचा दांभिकपणा उघडा पाडतात. उतारूंची ती इवलीशी बग्गी मॉन्युमेंट व्हॅलीच्या प्रचंड खडकांपुढून जाताना दिसते, तेव्हा माणसाचे त्या भूमीवरचे स्थान शब्दांवाचून कळते.

हिंदी पडद्याने हा प्रकार आपलासा केला त्याचे सर्वश्रुत उदाहरण रमेश सिप्पी यांचा ‘शोले’ होय. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी लागू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, तो प्रदर्शित झाला. मूळ चित्रीकरणात सूड घेऊ पाहणारा ठाकूर दरोडेखोर गब्बरला ठार करतो; सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो शेवट बदलून ऐन वेळी पोलीस आणावे लागले. बळाचा हक्क कोणाचा, या वेस्टर्नच्या प्रश्नाचे उत्तर इथे सरकारनेच लिहून दिले.

वेस्टर्नची खरी उणीव मात्र दुसरीकडे आहे. ‘स्टेजकोच’मधले अपाचे या मूळ रहिवासी जमातीचे लोक कथेला वेग देणारे संकट म्हणून येतात, त्यांना घर नाही, भाषा नाही, गाऱ्हाणे नाही. त्यांची भूमी ‘मोकळी’ मानल्याशिवाय टर्नरची सरहद्द पुढे सरकत नाही. मूळ रहिवाशांची ही बाजू मराठीत आली ती पडद्यावरून नव्हे, तर पुस्तकांतून, आणि त्या वाटेवर शिरोड्याचा शेजार पुन्हा भेटतो. शिरोड्याला लागून असलेल्या आरवलीचे लेखक जयवंत दळवी (१९२५–१९९४) मुंबईत अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात, म्हणजे ‘यूसिस’मध्ये, नोकरीला होते, आणि त्या काळात या खात्याच्या पाठबळाने अमेरिकन साहित्याचे अनुवाद मराठीत येत होते. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टर या कादंबरीकाराच्या पुस्तकांचे केलेले अनुवाद हे त्यांतले मोलाचे धन आहे. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या तीन कादंबऱ्यांत ओहायोच्या घनदाट अरण्यात आलेले एक कुटुंब झाडे तोडत शेती वसवते आणि अखेरीस, रान नाहीसे झाल्यावर, आपण काय गमावले ते ओळखते. रिक्टरच्याच ‘रानातील प्रकाश’ या कादंबरीची कथा त्याहून कठोर आहे. लेनापी जमातीत वाढलेला एक गोरा मुलगा तहाच्या अटीनुसार जन्मदात्यांकडे सक्तीने परत पाठवला जातो; त्याला ते घर परके वाटते, तो पळून जमातीकडे जातो, पण गोऱ्यांना सापळ्यात ओढण्याचे काम त्याच्याकडून पुरे होत नाही म्हणून जमातही त्याला टाकते. कादंबरीच्या शेवटी तो दोन्हीकडून तुटलेला उरतो. डिस्नी कंपनीने १९५८ साली या कादंबरीवर चित्रपट काढताना प्रेमकथा जोडून त्याला गोऱ्यांच्या वस्तीत सुखाने स्थिरावलेला दाखवले, जी. एं.च्या मराठीत मात्र रिक्टरचा मूळ शेवट जसाच्या तसा आहे.