जाळलेल्या पोथ्यांच्या गावी

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात मायांचे अवशेष पाहायला सहलीची बस पुरते. पण आम्हाला मिळालेल्या सहलींच्या यादीत मानी हे गाव नव्हते, आणि मला तर तेच पाहायचे होते. शेवटी लेक-जावयाने मेरिदा शहरात गाडी भाड्याने घेतली. (इंटरनेटवरचे भाडे आणि विम्यासकट हातात पडलेले बिल यांत बराच फरक होता, पण ते जावईबापूंनी निस्तरले.) रस्ते चांगले आहेत. मात्र प्रत्येक गावाच्या वेशीवर 'तोपे' नावाचे गतिरोधक आहेत. एकावरून गाडी गेली की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला आपले मणके मोजता येतात!

वाटेत उश्माल पाहिले. पस्तीसेक मीटर उंचीचा पिरॅमिड, आणि भिंतींवर लांब नाकाच्या पर्जन्यदेवाचे मुखवटे. या भागात नद्या नाहीत, पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे, म्हणून त्या देवाला एवढा मान. त्याचे नाव 'चाक'. गंमत अशी की मायांकडे चाकाची गाडी मात्र नव्हती. एवढा दगड माणसांनीच वाहिला.

असो. मानीकडे वळू.

मानी हे एक लहानसे, शांत गाव आहे. मध्ये फ्रान्सिस्कन साधूंचा प्रचंड मठ, १५४९ साली स्थापन झालेला. आपल्या गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले १५६० साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ जुलै १५६२ रोजी, या गावात दिएगो दे लांदा या साधूने मायांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. बाप्तिस्मा घेतलेले लोक गुपचूप जुने देव पूजतात, हा आरोप. कबुलीजबाब मिळवण्यासाठी हजारो लोकांचा छळ झाला, आणि पुढच्या चौकशीनुसार त्यात दीडशेहून अधिक माणसे मेली.

पोथ्या वड-उंबराच्या जातीतल्या झाडाच्या सालीच्या कागदावर, चुन्याचा हात देऊन लिहिलेल्या, पंख्यासारख्या घड्यांच्या असत. आज जगात अशा चारच उरल्या आहेत. तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिसला. चौथी मेक्सिकोत आहे, तिच्या अस्सलपणावर अनेक वर्षे वाद होता, तो २०१८ साली तिथल्या पुरातत्त्व संस्थेने मिटवला.

नव्या बिशपने लांदाला विरोध केला आणि लांदाला जबाब द्यायला स्पेनला जावे लागले. तिथे १५६६च्या सुमारास त्याने युकातानचा वृत्तांत लिहिला, मायांचे सण, पंचांग, शेती, लिपी, सगळे त्यात. पुढे तो निर्दोष ठरला आणि १५७३ मध्ये बिशप होऊनच परतला! मूळ हस्तलिखित हरवले, पण त्याची एक संक्षिप्त नक्कल १८६२ साली माद्रिदमध्ये सापडली. जाळपोळीला बरोबर तीनशे वर्षे झाली होती.

त्यात मायांची 'मुळाक्षरे' होती. ती लावून पोथी वाचू जावे तर काहीच लागेना. कारण लांदाने स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारली आणि लेखनिकाने कानाला ऐकू आले ते लिहिले. लांदा 'बे' म्हणाला, लेखनिकाने पाऊलखुणेचे चिन्ह काढले, कारण मायांच्या भाषेत 'बे' म्हणजे रस्ता.

कोडे सोडवले लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोवने, १९५२ साली, युकातानला पाय न लावता. ही ए-बी-सी-डी नाहीच, ही बाराखडी आहे, असे त्याचे म्हणणे. क, का, कि, कु गिरवत वाढलेल्या आपल्याला ते पटायला क्षणही लागत नाही. टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हे. पहिले लांदाच्या यादीतले 'कु'. टर्कीला मायांच्या भाषेत 'कुत्स' म्हणतात, तेव्हा दुसरे 'त्सु', शेवटचा उकार मुका. आता कुत्र्याच्या चित्रावर पाहा: तेच 'त्सु', पुढे 'लु'. म्हणजे 'त्सुल', आणि 'त्सुल' म्हणजे कुत्राच! आपणही 'राम' लिहिताना शेवटचा अ लिहितो, उच्चारत नाही. तरी एरिक थॉम्पसनसारख्या मोठ्या पंडिताने १९७५ मध्ये मरेपर्यंत हे मानले नाही.

काही लेखक लांदाची जमा आणि खर्च समोरासमोर मांडून फिट्टंफाट करतात. पोथ्या जाळल्या, पण किल्लीही त्यानेच दिली, असे. मला हा हिशेब मान्य नाही. पोथ्या राहिल्या असत्या आणि त्या वाचायला शिकवणारी माणसे राहिली असती, तर किल्लीची गरजच पडली नसती. शिवाय किल्ली होती लेखनिकाची. लांदाने ती उतरवून घेतली एवढेच.

त्या लेखनिकाला शेवटी एखादे वाक्य लिहून दाखव असे सांगितले असावे. त्याने लिहिले, 'मा इन काती'. म्हणजे 'मला नको'. चाळीस मुलांच्या वर्गासमोर आयुष्य काढलेल्या मला तो सूर ओळखू येतो. लांदाने ते वाक्य अर्थासकट आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे.