लीप इंजिन

कमी इंधन जाळणारे प्रवासी विमानांचे टर्बोफॅन इंजिन. अमेरिकेची जीई आणि फ्रान्सची साफ्रां यांच्या सीएफएम या भागीदारी कंपनीने ते घडवले. 2016 मध्ये ते एअरबस ए320निओवर प्रवासी सेवेत आले. त्याचे काही सुटे भाग पुणे जिल्ह्यात चाकणच्या जीई कारखान्यात तयार होतात. या कारखान्याचे उद्घाटन 14 फेब्रुवारी 2015 रोजी झाले.

आधीच्या सीएफएम56 इंजिनापेक्षा लीपला सुमारे 15 टक्के कमी इंधन लागते आणि कार्बन डायऑक्साइडही त्याच प्रमाणात घटतो. यात मोठा वाटा पंख्याचा. त्याची अवघी 18 पाती कार्बन तंतूंच्या त्रिमितीय विणीत राळ भरून साच्यात घडवतात. असा पंखा मोठा असूनही हलका राहतो. ए320निओवरच्या लीपमध्ये गाभ्यातून एक भाग हवा गेली, तर सुमारे 11 भाग बाहेरून वळसा घेतात. भरपूर हवा सावकाश मागे लोटली की तेवढाच रेटा कमी ऊर्जेत मिळतो.

इंधनाची तोटी विशेष पाहण्याजोगी आहे. पूर्वी सुमारे 20 तुकडे जोडून होणारी ही वस्तू आता त्रिमितीय छपाईने अखंड बनते.

लीपनंतरच्या इंजिनासाठी सीएफएमने 2021 मध्ये जाहीर केलेल्या राइज प्रकल्पात पंख्याभोवतीचे कवचच काढले असून आणखी 20 टक्के इंधनबचतीचे उद्दिष्ट आहे.