कानशीकडून जिगकडे : बंदूक घडवणाऱ्या साधनांचा इतिहास

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदुकीची सगळी अचूकता कारागिराच्या नजरेत आणि त्याच्या कानशीत होती. नळी घडवणारा वेगळा, लाकडी दस्ता कोरणारा वेगळा, गारगोटीची ठिणगी पाडणारा चाप बनवणारा वेगळा. इंग्लंडमधले बर्मिंगहॅम, फ्रान्समधले सेंत एत्येन, बेल्जियममधले लिएज या गावांत ही कामे अनेक छोट्या कारखानदारांत वाटलेली असत. शेवटी जोडणी करणारा कारागीर एक भाग दुसऱ्यावर ठेवून पाही, कुठे अडतो ते हेरी आणि तेवढीच जागा घासून काढी. अशी जुळवलेली बंदूक चांगली चाले. पण तिचा एखादा भाग मोडला, तर शेजारच्या बंदुकीचा भाग काढून तिला बसवता येत नसे. लढाईच्या धामधुमीत एवढ्या कारणावरून हजारो बंदुका निकामी पडून राहत.

हिंदुस्थानातही चाल हीच होती. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा आणि बंदुका तयार होत. एक बंदूक सुमारे १० रुपयांत पडे आणि ती युरोपीय मालाच्या तोडीची असे. तिचेही भाग हातानेच जुळवलेले असत.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का फ्रान्समध्ये बसला. तोफखान्याचा प्रमुख ग्रिबोव्हाल याने १७६५ पासून तोफा आणि त्यांचे गाडे ठरीव मापात आणले होते. तोच विचार बंदुकीला लावण्याचे काम ओनोरे ब्लां या कारागिराने हाती घेतले. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात त्याची कर्मशाळा होती. त्याने निवडलेली साधने आज साधी वाटतात. लोखंडाचा तापवलेला तुकडा ठोकून आकार देण्यासाठी ठसे, भोके ठरल्या जागी पाडण्यासाठी पट्ट्या आणि घासकामासाठी पोलादी साचे, एवढाच त्याचा सरंजाम.

यांतला घासकामाचा साचा जवळून पाहण्यासारखा आहे. चापाच्या एखाद्या भागाचा नेमका आकार दिलेल्या, पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाच्या दोन पट्ट्या असत. जॉब, म्हणजे घासायचा भाग, त्यांच्यामध्ये ठेवून सगळे व्हाइसमध्ये आवळायचे. जॉबचे मऊ लोखंड पट्ट्यांच्या कडेबाहेर जेवढे आलेले असेल तेवढे कानस खाते. कडेपर्यंत पोचली की कानस कठीण पोलादावरून नुसती घसरते, तिचा आवाज बदलतो आणि कीस पडायचा थांबतो. कुठे थांबायचे हे आता साचा ठरवत होता. वीस वर्षांच्या सरावाने येणारी नजर नसलेला माणूसही तोच आकार पुन्हा पुन्हा काढू शकत होता.

१७८५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा फ्रान्समधला वकील टॉमस जेफर्सन ही कर्मशाळा पाहायला गेला. ५० चापांचे सुटे भाग कप्प्यांत मांडून ठेवलेले होते. हाताला येईल तो भाग उचलून त्याने स्वतः काही चाप जुळवले आणि ते बिनचूक बसले. ३० ऑगस्टच्या पत्रात त्याने हे मायदेशी परराष्ट्र कारभार पाहणाऱ्या जॉन जे यांना कळवले. ब्लांची बंदूक नेहमीपेक्षा दोन लिव्हरनी (लिव्हर हे फ्रेंच चलन) स्वस्त पडेल, असेही लिहिले. १७९० मध्ये ब्लांने पॅरिसच्या इन्व्हालिद इथे जाणकारांसमोर हाच प्रयोग करून दाखवला. पण राज्यक्रांतीच्या धामधुमीत आणि जुन्या कारागिरांच्या विरोधामुळे फ्रान्समध्ये ही पद्धत मूळ धरू शकली नाही. तिला खरा आसरा अमेरिकेत मिळाला.

अमेरिकेतल्या कथेत एलाय व्हिटनीचे नाव पहिले घेतले जाते. १७९८ मध्ये त्याने सरकारला १०,००० बंदुका पुरवण्याचा करार केला आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टनला सुटे भाग जुळवून दाखवून नाव मिळवले. दोन वर्षांचे काम पुरे व्हायला १८०९ उजाडले. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा भाग एकमेकांत बदलता येत नाहीत असे आढळले. भागांवर जोडणीच्या वेगवेगळ्या खुणाही होत्या. म्हणजे तिथेही शेवटचा शब्द कानशीचाच होता. व्हिटनीने या कल्पनेचा प्रचार जोरात केला, हे त्याचे श्रेय. ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय मात्र दुसऱ्यांचे आहे, आणि त्यांत जॉन हॉलचे नाव सर्वांत वर लिहायला हवे.

हॉलने १८११ मध्ये मागून भरायच्या रायफलीचे पेटंट घेतले. या रायफलीत दारूगोळ्याचा मागचा ठोकळा वर उचलून भरायचा आणि खाली दाबून नळीशी जुळवायचा. नळी आणि ठोकळा यांच्यात फट राहिली तर जळत्या वायूचा झोत बाहेर पडतो. म्हणून त्याला अचूकपणा हवाच होता. १८१९ मध्ये सरकारने त्याच्याशी १,००० रायफलींचा करार केला आणि त्या वेळच्या व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथे त्याला जागा दिली. तिथे रायफली बाहेर पडण्याआधी काही वर्षे तो फक्त यंत्रे, भाग ठरल्या जागी धरणारे जिग आणि माप पडताळणारे गेज घडवत बसला. खर्चावरून ओरड झाली, चौकशी लागली, पण त्याने क्रम बदलला नाही.

हॉलचा मोठा शोध जॉब धरण्याच्या रीतीत आहे. एका भागावर दहा कामे करायची असतील आणि प्रत्येक वेळी आधीच्या कामात तयार झालेली कड टेकवून पुढचे काम केले, तर प्रत्येक पायरीची बारीक चूक पुढच्या पायरीत मिसळत जाते. दहाव्या कामापर्यंत ती सुतासुताने वाढून भाग वाया जातो. हॉलने प्रत्येक भागावर एकच आधारबिंदू ठरवला आणि सगळ्या जिगमध्ये तो भाग त्याच बिंदूवर टेकवला. त्यामुळे एका कामातली चूक तिथल्या तिथे राही. मापे तपासायला त्याने ६३ गेज वापरले आणि त्यांचे तीन संच ठेवले : एक कामगारांच्या हाती, एक तपासनीसाकडे आणि एक मूळ संच. रोजच्या वापराने कामगारांचे गेज झिजत, म्हणून ते अधूनमधून मूळ संचाशी पडताळून पाहायचे. मूळ संच कामाला लावायचा नाही, हा नियम मोडला तर कारखान्यातला खरेपणाच संपतो. आजच्या कोणत्याही चांगल्या टूलरूमची घडी याच नियमावर बसलेली आहे.

याच सुमारास कनेटिकटमधल्या मिडलटाउनचा सिमियन नॉर्थ खासगी कारखान्यात त्याच दिशेने चालला होता. १८१३ मध्ये त्याने २०,००० पिस्तुलांचा करार घेतला. भाग अदलाबदल करता आले पाहिजेत अशी अट त्यात होती. पुढे तो हॉलच्या रायफलीही बनवू लागला. १८३४ पर्यंत मिडलटाउनच्या रायफलीचे भाग हार्पर्स फेरीच्या रायफलीत बसू लागले. एका गावात बनलेला भाग शेकडो मैलांवर बनलेल्या बंदुकीत कानस न लावता बसणे, ही त्या काळातली फार मोठी मजल होती. दस्त्याचा प्रश्न टॉमस ब्लँचर्डने सोडवला. त्याच्या १८१९ च्या लेथमध्ये एक चाक नमुन्याच्या दस्त्यावरून फिरे आणि त्याच हालचालीने कापणारे चाक कोऱ्या लाकडातून तोच वाकडातिकडा आकार काढी.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात या सगळ्या धाग्यांचे एक वस्त्र झाले. तिथे रोझवेल ली या अधीक्षकाने १८१५ ते १८३३ या काळात गेजने तपासणी करण्याची शिस्त लावली होती. १८४२ च्या नमुन्याची बंदूक हे त्या शिस्तीचे फळ. याची कठोर परीक्षा इंग्रजांनी घेतली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हर्मांटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीच्या रायफली पाहून ब्रिटिश अधिकारी चकित झाले होते. १८५४ मध्ये जॉन अँडरसनसह त्यांची समिती स्प्रिंगफील्डला पोचली. तिने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली, दरवर्षीची एक अशा १० बंदुका निवडल्या, त्या सोडवायला लावल्या आणि भाग पेट्यांत एकत्र मिसळले. मग सदस्य हाताला येईल तो भाग उचलून देत गेले आणि कामगाराने नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने सगळ्या बंदुका जुळवल्या.

समितीने एम्स आणि रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपन्यांकडून यंत्रे, जिग आणि गेज विकत घेतले. हार्पर्स फेरीत काम केलेला जेम्स बर्टन १८५५ मध्ये एनफील्डच्या ब्रिटिश सरकारी शस्त्रकारखान्यात मुख्य अभियंता म्हणून आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा हार्पर्स फेरीच्या कारखान्याला सरकारी सैनिकांनीच आग लावली, तरी दक्षिणेकडच्या राज्यांनी यंत्रे वाचवून रिचमंड आणि फेएटव्हिल इथे नेली.

तिथून पुढे ही साधने बंदुकीपुरती राहिली नाहीत. शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र, सायकल यांच्या कारखान्यांत शस्त्रकारखान्यांतले फोरमन आपले जिग आणि गेज घेऊन गेले. तरुणपणी स्प्रिंगफील्डला काम केलेल्या हेन्री लिलँडने कॅडिलॅक मोटारी बनवल्या. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये अशा तीन मोटारी सोडवून भाग मिसळण्यात आले, त्यांतले ८९ भाग काढून गोदामातले नवे घातले गेले आणि जुळवलेल्या मोटारी ५०० मैल धावल्या. स्वीडनमधल्या एस्किल्स्तुनाच्या रायफल कारखान्यातल्या कार्ल योहान्सनने १८९६ मध्ये जर्मनीतल्या मौझर कारखान्यातली गेजची प्रचंड संख्या पाहून १०२ ठोकळ्यांचा संच सुचवला. हे ठोकळे एकावर एक चिकटवून सुमारे २०,००० मापे मिळतात. आजही मोजमापाच्या खोलीत हेच स्लिप गेज मुख्य मानले जातात.

विसाव्या शतकात अमेरिकेत जुन्या बंदुकांची हौशी कारागिरी पुन्हा सुरू झाली. तोंडाकडून भरायच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली आणि १९३९ मध्ये आयोवात ब्राउनेल्स ही बंदूककारांची अवजारे विकणारी पेढी निघाली. हौशी माणसाची निवड कारखान्यापेक्षा वेगळी असते. त्याला एकच नग करायचा असतो आणि एका नगासाठी जिग बनवायला नगापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून तो कानस, छिन्नी आणि चांगला व्हाइस यांच्याकडे परत येतो. गेज मात्र त्यालाही सोडता येत नाही. काडतुसाच्या बंदुकीत काडतूस बसते त्या जागेची लांबी ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने तपासली नाही तर पोकळी जास्त राहून काडतुसाचे कवच फुटते आणि मागे उभ्या माणसाच्या डोळ्यांवर बेतते. नळी आवळायचा पाना आणि स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारी टोके या गोष्टी त्यानंतर येतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता किंवा दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे असा छंद इथे रुजला नाही. कारखान्याची पद्धत मात्र आली. बंगालमधल्या इशापूरला १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रात अंबरनाथला १९५३ मध्ये यंत्रावजारांच्या आदिनमुन्यांचा सरकारी कारखाना सुरू झाला. पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या शेकडो वर्कशॉपमध्ये मोटारींच्या भागांसाठी जिग आणि फिक्श्चर बनू लागले. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याला जॉबची एक बाजू ‘डेटम’ म्हणून आधी ठरवायला आणि पुढची सगळी मापे तिथूनच घ्यायला शिकवले जाते. हॉलने हार्पर्स फेरीत बसवलेला नियम तोच आहे.