डाग, वीज आणि सुई

खारदांड्याच्या कोळीवाड्यात कुणाही मावशीला विचारा: सुरमईचा जाड तुकडा भडक आचेवर टाकला तर काय होते? बाहेरून करपतो, आत कच्चाच राहतो. श्रोतेहो, यकृतातली गाठ उष्णतेने मारू पाहणाऱ्यांची अडचण नेमकी हीच होती.

अग्नीने रोग जाळावा ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्माचाच आहे. तापलेली शलाका कुठे टेकवावी हे त्यात आहे. पण कुणाला टेकवू नये, हे मला अधिक मोलाचे वाटते. बालक, वृद्ध, दुर्बल, भित्रा यांना डागू नये, असे तो ग्रंथ बजावतो. गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावे. कारण शास्त्र मागे पडले आणि नुसता विळा हाती राहिला. मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अगदी २०२५ सालीही आल्या. चटका कातडीवरच राहतो, आतल्या दुखण्याला त्याची वार्ताही नसते. पोराला जखम होते, आणि दवाखान्यात जायचा वेळ गेला तो गेलाच.

मग उष्णता आत न्यायची कशी? १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये दार्सोन्व्हाल यांनी दाखवले, की अतिवेगाने दिशा बदलणारी वीज शरीरातून गेली तरी स्नायूंना झटका बसत नाही, ऊब मात्र येते. १९२६ साली अमेरिकेत कुशिंग आणि बोव्ही यांनी अशाच विजेने मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवला. तरी पोट न उघडता आतली गाठ दिसायला सोनोग्राफी यावी लागली. १९९० मध्ये अमेरिकेत मॅकगॅहन आणि इटलीत रॉसी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्राण्यांच्या यकृतात सुई घालून हा प्रयोग केला. थोड्याच वर्षांत माणसांवर उपचार सुरू झाले.

सुईच्या टोकाभोवती उष्णता ६० अंश सेल्सियसच्या वर गेली, की अंड्याचा पांढरा भाग गोठावा तशा पेशी गोठून मरतात. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर काम चांगले होते. मोठी असली, किंवा शेजारून ठसठशीत रक्तवाहिनी जात असली, तर वाहते रक्त उष्णता पळवते आणि कडा कच्ची राहते. पुन्हा आपली सुरमईच!

खारहून लोकलने गाठता येईल अशा परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तिथे आज हा उपचार होतो. पण लहान गाठ दुखत नाही, म्हणून ती शोधावी लागते. ज्यांचे यकृत दारूने वा जुन्या काविळीच्या विषाणूने आकसले आहे, त्यांना डॉक्टर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात, ती याचसाठी.